कडू बोटे

दर तीन महिन्यांनी आमच्या कुत्र्याला, खंड्याला, जंताची गोळी देण्याचे काम माझे. त्या गोळीतले प्राझिक्वांटेल हे औषध विलक्षण कडू असते. गोळी मोडली की कडवटपणा बोटांना चिकटतो, साबणानेही चटकन जात नाही. सुका जवळा कालवलेल्या भाताच्या घासात मी ती लपवत असे. खंड्या पहिल्यांदा घास थुंकून टाकी, माझ्याकडे गंभीरपणे पाही आणि मग, केवळ हात माझा म्हणून, गिळून टाकी. माणसांसमोर माझे शब्द अडतात. माझ्यावर इतका विश्वास दुसऱ्या कुणीच टाकला नव्हता.

गावातले घर बिल्डरला दिलेले. उलव्याच्या फ्लॅटमध्ये जायच्या दिवशी सकाळीच रूपेशदादाने दोन गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या.

"नव्या घरात जंत नको. देऊन टाक."

"त्याला नेणार ना, दादा?"

"घराची चावी मागं राहील, पन तुजा खंड्या नाय मागं राहायचा! आये, याचं लगीन खंड्याशीच लाव."

आई हसली नाही. भांडी कागदात गुंडाळत राहिली.

मी त्या मोडून नेहमीसारख्या घासात लपवल्या. खंड्याने घास पहिल्याच खेपेला गिळला. शहाणा झाला, असे वाटून मी सुखावलो आणि त्याला दादावर सोपवून टेम्पोबरोबर पुढे निघालो.

दुपारी नव्या स्वयंपाकघरात, उभ्यानेच वडापाव खाताना बोट जिभेला लागले. ते कडू नव्हते. मी पुन्हा चाटून पाहिले. नुसते मीठ.

फोनवर दादाचा आवाज शांत होता. "झोपेच्या गोळ्या होत्या रे. त्रास नाय झाला त्याला. द्रोणागिरीला गोदामाच्या वॉचमनकडं ठेवलाय. सोसायटीत कुत्रा चालत नाय."

"मग मला का द्यायला लावल्यास?"

"दुसऱ्या कोनाच्या हातचं खातो का तो?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो. कंटेनरच्या सावलीत खंड्या साखळीला बांधलेला होता. मला पाहून शेपटी हलली, एकदाच. मी जवळाभाताचा घास पुढे केला. त्यात काहीही लपवलेले नव्हते. त्याने माझी बोटे हुंगली, फार वेळ हुंगली आणि साखळी ताणून तो मागे सरकला.

मी मातीतच बसलो. त्या घासातला अर्धा त्याच्यादेखत स्वतः खाल्ला आणि उरलेला तळहातावर धरून हात तसाच पुढे ठेवला.

खंड्या पाहत राहिला.