धाकट्याच्या शेजारची खुर्ची

धाकट्या भावाला देशाचा मोठा सन्मान जाहीर झाला. पाय गमावलेल्यांसाठी लाकडा-रबराचे पाय घडवण्यात त्याची उभी हयात गेली. बातमी कळली तशी मी देवापुढे डोकं टेकवलं, आणि टेकवल्या टेकवल्याच मनात आलं, सोबत एकालाच नेता येतं म्हणे. एकाला म्हणजे मलाच. आई गेल्यावर त्याला वाढवलं कोणी?

समारंभाचा कोट मीच शिवला. शिवणकाम हा माझा धंदा. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, माप घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही. पण धाकट्याचं माप काय घ्यायचं? ते माझ्या हातातच आहे. पदकाच्या भारानं कापड ओघळू नये म्हणून छातीला आतून जाड अस्तर जोडलं.

कोट घालून बघायला तो आला, बरोबर बेकरीवाले. दोघं कित्येक वर्षं एका घरात राहतात. आता नवा कायदा आल्यापासून कायद्यानंही एकमेकांचे नवरे. मी त्यांच्याशी अदबीनं बोलते, पण पाहुण्याशी बोलावं तेवढंच.

बटण लागेना.

"ताई, श्वास घेऊ की नको?" धाकटा म्हणाला.

"पोट आत घे."

"आत घेऊन जाणार कुठे ते?" बेकरीवाले हसले. "ताई, दोन बोटं सैल सोडा. आणि उजवा खांदा जरा उतरता ठेवा. लाकडावर कानस चालवून चालवून खाली आलाय त्याचा."

मी पाहिलं. खरंच उतरला होता. मला कधी दिसलाच नव्हता. अंगाची अशी लाही लाही झाली की ओठांत धरलेली टाचणी टोचली.

"तुमचेच पाव खाऊन फुगलाय."

"गुन्हा कबूल!"

"शेजारी कोण बसणार, ठरलं का?" मी हळूच विचारलं.

बेकरीवाले खाली बघू लागले. "ताई, तुम्हीच जा. मला भट्टी सोडून कुठे..."

"तू गप रे," धाकटा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ताई, आजवर दर कार्यक्रमाला हा माझा मित्र म्हणून मागच्या रांगेत बसला. तिथे तो मला शेजारी हवाय, नवरा म्हणून. तू रागावलीस तरी."

"मी कशाला रागावू? काढ तो कोट."

ते गेल्यावर मी शिवण उसवली, पोटात सैल सोडलं, खांदा उतरवला. त्यांनी सांगितला तेवढाच.

संध्याकाळी घरच्या एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागायचा माझा नेम आहे. बेकरीवाल्यांचं नाव त्यात कधीच नव्हतं. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "देवा, बेकरीवाल्यांना समारंभाच्या दिवशी इतकं गिऱ्हाईक दे, की भट्टीपुढून हलता येऊ नये."

एकदा नेमात आलेलं नाव मी गाळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावं लागलं. घरच्यांमध्ये, धाकट्याच्या पाठोपाठ.

मागणं मात्र तेच मागितलं.