पिवळ्या डागाचं खोटं

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. मी एक जुना लंगोट आहे. हल्ली मी खिडकीच्या काचा पुसतो आणि घरात माझा उल्लेख 'ते फडकं' असा होतो. पण एके काळी मी एका तान्ह्या मुलीच्या अंगावरचं पहिलं कापड होतो. राजाच्या मुलालासुद्धा आधी आमच्यापैकीच कुणीतरी लागतं, मुकुटाचं नंतर बघतात.

माझा जन्म एका जुन्या चादरीतून झाला. नऊ वर्षं अंगाखाली राहून ती चादर लोण्यासारखी मऊ झाली होती. सातवा महिना लागला तेव्हा भिंगरीच्या आईने ती फाडली आणि आम्ही बारा भावंडं एका दुपारी जन्माला आलो. भिंगरी हे मुलीचं लाडाचं नाव, कारण तिचे पाय कधी स्वस्थ राहत नसत. आई कापड रंगवायच्या कारखान्यात छटा जुळवायचं काम करायची. गिऱ्हाइकाच्या तुकड्याशी नव्या कापडाचा रंग जुळला की नाही, हे तिने सांगायचं आणि बाकीच्यांनी मुकाट्याने ऐकायचं. तिने आमच्या प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा टाका घातला. माझा टाका निळा.

पहिले तीन महिने सुखाचे गेले. भिंगरी अंगावर पीत होती आणि दिवसातून पाच-सहा वेळा शी करून आम्हाला कामाला लावत होती. डाग पिवळाधमक, पातळ, त्यात दह्यासारखे बारीक कण, वास जेमतेम आंबूस. तुम्ही नाक मुरडाल. आई मात्र मला खिडकीशी नेऊन उजेडात धरायची आणि पिवळा बरोबर लागलाय म्हणून खूश व्हायची. आजी, म्हणजे बाबांची आई, म्हणायची की सूनबाईने कारखाना घरी आणलाय. दोघींचं एकमेकींशी छान जमत होतं.

मग आईच्या मानेत गाठ आली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, उपचार ताबडतोब सुरू करायला हवेत, औषधं कडक आहेत, दुधात उतरतील, तेव्हा बाळाला पाजणं बंद. हळूहळू सोडवायलाही सवड नव्हती. निघायच्या सकाळी आईने भिंगरीला शेवटचं पाजलं. तेव्हा भिंगरीच्या अंगावर मीच होतो. पिऊन ती झोपली तरी आई उठेना. गाडी दारात उभी होती. बाबा दोनदा आत आले आणि बाहेर गेले.

आईला ज्या वॉर्डात ठेवलं होतं तिथे लहान मुलांना नेऊ देत नसत. मोठ्यांनीही काचेबाहेर उभं राहायचं आणि काचेखालच्या जाळीतून बोलायचं. पहिल्याच भेटीत आईने एक मागणं मागितलं.

"तिचा वापरलेला लंगोट आणून दाखवा मला. फोटो नको, फोटोत रंग खोटे येतात."

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. शब्दाला पक्का माणूस. दर तिसऱ्या दिवशी ते आमच्यातल्या एकाला पारदर्शक पिशवीत घालत, तोंड गच्च बांधत आणि काचेला लावून धरत. शेजारच्या काचेशी लोक पत्रं दाखवत, नातवंडांची चित्रं दाखवत. आमच्या बाबांच्या हातात लंगोट. वॉर्डातल्या नर्सबाई पहिल्या दिवशी तोंडाला पदर... नव्हे, रुमाल लावून हसल्या. दुसऱ्या भेटीपर्यंत त्यांनी आईची खाट काचेजवळ सरकवून घेतली होती.

डब्यातल्या दुधाचा पहिला डाग पाहून आई घाबरली. पिवळा कुठे उरलाच नव्हता. हिरवट, मातकट रंग, दाट लगदा. बाबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की वासही आता मोठ्या माणसासारखा येतो, दिवसातून एकदाच होते, कधी एक दिवस आड, आणि पोटात वारा धरला की पाय पोटाशी घेऊन रडते. नर्सबाईंनी समजावलं. डब्याचं दूध पचायला जड, ते पोटात जास्त वेळ राहतं, म्हणून रंग बदलतो, शी घट्ट होते आणि वेळा कमी होतात. मऊ आहे, लघवी भरपूर आहे, बाळ खेळतंय, तोवर काळजी करू नका.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "म्हणजे माझा रंग गेला तिच्यातून." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी दूध कालवायचं काम आजीकडे आलं. आजीने तरुणपणी धान्य विकलं होतं, आणि आयुष्यात कुणाला सपाट माप घातलं नव्हतं. शिगोशीग भरून वर मूठभर टाकायची, असा तिचा लौकिक. डब्यातला तो इवलासा चमचा बघून तिला त्याची कीव आली. सपाट चमच्यात कसली माया, असं ती म्हणे. ती प्रत्येक चमच्याला शीग लावायची आणि शेवटी एक चिमूट जादा टाकायची. ती चिमूट भिंगरीच्या आईच्या वाटणीची. दिवसभर दुसऱ्यांची मापं ठीक करणारे बाबा त्या चमच्याकडे कधी वळलेच नाहीत. स्वयंपाकघर आजीचं, असं घरात ठरलेलं होतं.

मला मात्र सगळं कळत होतं. शी घट्ट झाली, मग कोरडी झाली, मग गोळ्या झाल्या. भिंगरी कुंथून लालबुंद व्हायची. पूर्वी मी आणि माझी भावंडं दिवसातून आठ-दहा वेळा ओली व्हायचो, आता चारदा, तेही जेमतेम. एका सकाळी माझ्यावर रक्ताची बारीक रेघ उमटली. आजीने ती पाहिली आणि मला थंड पाण्यात इतका वेळ घासलं की माझे धागे उसवले. तिला वाटलं दूध कमी पडतंय. तिने शीग वाढवली.

आईला हे कळू द्यायचं नाही, असं बाबा आणि आजी दोघांनी ठरवलं. ती आधीच आजारी, तिच्या जिवाला घोर कशाला? दोन भेटींना बाबा रिकाम्या हातांनी गेले आणि विसरलो म्हणाले. तिसऱ्या भेटीआधी आजीला युक्ती सुचली. शेजारच्या वहिनींचं बाळ दोन महिन्यांचं होतं, अंगावर पिणारं. आजीने मला त्याच्या कमरेला बांधून आणलं. परत आलो तेव्हा माझ्यावर कसा छान पिवळाधमक डाग होता! आजीला तोच डाग चांगला ठाऊक होता, पूर्वी सुनेला खूश करणारा. मित्रांनो, मी जन्मात एकदाच खोटं बोललो, आणि तेही तोंड न उघडता.

बाबांनी मला काचेला लावलं. आई बराच वेळ बघत राहिली. तिचे केस गेले होते, डोळे खोल गेले होते, पण नजर तीच होती.

"हा डाग कुणाचा?"

"भिंगरीचाच. निळा टाका बघ ना."

"लंगोट तिचा आहे. डाग आईच्या दुधाचा आहे. माझं दूध जाऊन दीड महिना झाला." ती जाळीजवळ आली. "तिला काय झालंय?"

बाबांचा हात खाली आला. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, गोळ्या, रक्ताची रेघ, कोरडे लंगोट. नर्सबाई ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तासाभरात भिंगरीला दाखवायला सांगितलं. डब्यासकट आणा, म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी आजीला समोर दूध कालवायला लावलं. आजीने नेहमीप्रमाणे शिगा लावल्या, वर चिमूट टाकली आणि अभिमानाने बघितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की दूध फार दाट झालं की बाळाच्या अंगातलं पाणी ओढलं जातं आणि शी दगडासारखी होते. आधी पाणी मोजून घ्या, मग चमचा सपाट, सुरीच्या पाठीने सारखा केलेला. भिंगरीला एक दिवस ठेवून घेतलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या दिवशी आजी दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणत राहिली की मी माझ्या हातांनी पोरीला उपाशी ठेवली नाही हो, मी जास्तच दिलं.

पाचव्या दिवशी मी पुन्हा काचेवर होतो. डाग मातकट, कुरूप, पण मऊ. आईने काचेवर आतून तळहात ठेवला, बरोबर माझ्यावर.

"आता ठीक आहे," ती म्हणाली. "असाच खरा आणत जा."

पण त्यानंतर दोनच भेटी झाल्या. औषधं गाठीपुढे हरली. आई घरी आली नाही.

आता भिंगरी धावते, पडते, उठते. दूध पेल्यातून पिते. मी काचा पुसतो, आणि पुसता पुसता मला ते सहा दिवस आठवतात, दोन रिकाम्या हातांच्या भेटींचे. मुलीला उचलता येत नव्हतं, पाजता येत नव्हतं, तिचा आवाजही कानी पडत नव्हता. आईपणातलं एवढं एकच काम तिच्या हाती उरलं होतं, माझ्याकडे बघायचं. आम्ही मायेपोटी तेही काढून घेतलं, आणि तिच्याजवळ दिवस तरी किती होते?

म्हणून मित्रांनो, या फडक्याचं एवढं ऐका. तान्ह्या बाळाच्या लंगोटाकडे नाक मुरडून बघू नका, नीट बघा. आणि घरात कुणी आजारी असेल तर डाग धुऊन मग त्याच्यासमोर जाऊ नका. आहे तसा दाखवा. माझ्यावरचा तो पिवळा डाग आजीने त्याच संध्याकाळी धुतला, आणि तो पहिल्याच पाण्यात निघाला. पण काचेपलीकडून "हा डाग कुणाचा?" असं विचारताना आईचा चेहरा जसा झाला होता, तो मला अजून पुसता आलेला नाही.