कोरी नळी

नणंद-भावजयीचं वाकडं होतं असं काही नव्हतं. पण भावजयीच्या हातचा चहा नणंदेला पहिल्या घोटात कधी आवडला नव्हता. नणंद घड्याळं दुरुस्त करायची. भिंग लावून एकदा घड्याळाच्या पोटात शिरली, की भूकंप झाला तरी वर बघायची नाही. अशीच एकदा स्प्रिंग उडून तिच्या उजव्या डोळ्याला लागली. बाईंनी नळाखाली डोळा खळखळून धुतला आणि पुन्हा कामाला लागल्या.

आता तो डोळा लालभडक झाला होता आणि बुबुळावर पांढरा डाग पसरत चालला होता. औषधाचे थेंब बदलून बदलून झाले, उपयोग शून्य. बुबुळ खरवडून घेतलेल्या नमुन्यातून तपासणीच्या बशीत काहीच उगवेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "जंतू कोणता ते कळलं तर नेमकं औषध देता येईल. डाग आणखी आत गेला, तर मात्र डोळा काढावा लागेल."

भावजयीचं कामच ते होतं. बशीत न उगवणारे जंतू ती जनुकांवरून ओळखायची. नमुन्यातला सगळा डीएनए वाचायचा आणि तुकडा न् तुकडा माहितीतल्या जंतूंशी ताडून पाहायचा.

"एवढी शिकलीस, आता माझा चोर पकडून दाखव," नणंद म्हणाली. आवाज नेहमीसारखाच चढा होता, पण भावजयीचं मनगट काही तिनं सोडलं नाही.

निकाल आला आणि भावजयीच्या तोंडचं पाणी पळालं. माणसाचा डीएनए ढीगभर, जंतू औषधालाही नाही.

"नमुनाच कमी पडला असेल," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. कुणाचीही गाडी सुरू व्हायच्या आत थांबवायचा, म्हणून सगळे त्याला 'ब्रेक' म्हणत. "पुन्हा खरवडून पाठवायला सांग."

"ताईंच्या डोळ्यात आता खरवडायला उरलंय काय?" ती उसळली. "चाळणी काढ. मला सगळं बघायचंय."

चाळणीचं प्रकरण असं, की रसायनं कितीही शुद्ध म्हणून विकत आणली, तरी पाण्यातले, मातीतले चार जंतू त्यांच्यासोबत येतातच. प्रयोगशाळेत त्यांना 'घरचे पाहुणे' म्हणत. दर निकालात हे हजर! शेवटी वैतागून सगळ्यांनी संगणकालाच सांगून ठेवलं होतं, की ही मंडळी दिसली की परस्पर गाळून टाक. सोय झाली खरी, पण मग त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना.

चाळणी निघाली तशी पाहुण्यांची रांग लागली. त्यात नळाच्या पाण्यात राहणारा, अगदी सावकाश वाढणारा एक जंतू इतरांपेक्षा कितीतरी जास्त होता.

"हा तर आपला नेहमीचाच," ब्रेक म्हणाला.

"ताईंनी नळाखाली डोळा धुतला होता."

"असेल. पण रसायनातूनही येतो ना हा? डॉक्टरांना काय, अंदाज कळवणार?"

मुद्दा बरोबर होता, म्हणून तिला जास्तच राग आला. आणि त्या रागातच तिला कोरी नळी आठवली. दर खेपेला नमुन्याबरोबर नुसत्या शुद्ध पाण्याची एक नळी त्याच रसायनांतून, त्याच पायऱ्यांतून जायची. पाहुणा रसायनातला असेल, तर तो कोऱ्या नळीतही सापडायलाच हवा. ही नळी अजूनही नेमानं लावली जात होती, पण चाळणी आल्यापासून तिचा निकाल उघडायची तसदी कुणी घेत नव्हतं.

तिनं तो उघडला. बाकीचे पाहुणे झाडून सगळे हजर होते. नळाच्या पाण्यातला तो जंतू तेवढा नव्हता.

ब्रेकनं खुर्ची ओढून पुन्हा पुन्हा पाहिलं. "नमुन्याच्या उरलेल्या थेंबावर मी दुसरी चाचणी लावतो, खात्रीसाठी," तो म्हणाला. "पण तू आधी फोन कर."

दुसऱ्या चाचणीनंही तेच सांगितलं. डॉक्टरांनी औषध बदललं. डाग काही लगेच हटला नाही; कित्येक आठवडे घरादाराचा जीव टांगणीला लागला होता. भावजय रोज थेंब घालायला जायची आणि रोज काही न विचारता परत यायची. विचारायची तिला भीती वाटत होती.

एका सकाळी ती बाटली उघडत होती, तेवढ्यात नणंदेनं डावा डोळा तळहातानं झाकला आणि उजवा तिच्यावर रोखला.

"काय गं हा अवतार? डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं आलीत! झोपत नाहीस का?"

भावजय बाटली हातात धरून उभ्या उभ्या हमसून हमसून रडायला लागली.

"अगं, रडतेस काय?" नणंद ओरडली. "थेंब माझ्या डोळ्यात घालायचेत!"