पुन्हा लॉगिन करा

"माणसं विसरायची सोय तुम्हीच करून ठेवलीत, साहेब, आणि वर म्हणता लोकांना बटणं दाबता येत नाहीत," धाकटी फोनवर म्हणाली. साहेब म्हणाले, माझ्या केबिनमध्ये तर झकास चालतंय. आणि त्यांनी फोन ठेवला.

चालणारच. केबिनमध्ये गर्दी कुठली? इस्पितळात डायलिसिसच्या पाळ्या ज्या वेबसाइटवर मिळतात, ती धाकटी सांभाळायची. लोक वाढले म्हणून साहेबांनी वेबसाइट चालवायला दुसरं यंत्र, म्हणजे सर्व्हर, जोडलं, पण दोघांची आठवण वेगवेगळी. पहिल्याला नाव-गाव सांगितलेला माणूस गर्दीत दुसऱ्याकडे ढकलला गेला, की ते कोऱ्या चेहऱ्यानं विचारणार, आपण कोण? दोघांची आठवण एका जागी ठेवा, हे सांगून सांगून तिचा घसा कोरडा पडला होता. साहेब मान डोलावत आणि विषय बदलत.

आज जाऊबाईंची डायलिसिसची पुढची पाळी मिळवायची, म्हणून ती मोठ्या दिरांच्या घरी आली होती. भावोजी वेल्डर. भाजून जाड झालेल्या अंगठ्यानं त्यांनी मोबाइलवर नाव लिहिलं, वार निवडला, शेवटचं बटण दाबलं. 'पुन्हा लॉगिन करा.' माझंच काहीतरी चुकलं, म्हणत त्यांनी अंगठा पँटला पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच.

"यांच्याच वळणावर गेलंय ते," सुजलेले पाय उशीवर टाकून पडलेल्या जाऊबाई म्हणाल्या. "चहा प्यायले की नाही, हे यांनाही आठवत नाही." एवढं हसण्यानंही त्यांना धाप लागली.

धाकटीच्या येरझाऱ्या थांबेनात. तेवढ्यात परवाच्या सगळ्या जागा संपल्या. तिनं लॅपटॉप उघडला. आतून नाव घालणं तिच्या हातात होतं, फक्त आधीचं एक काढावं लागणार होतं.

"कुणाचं काढतेस?" जाऊबाईंनी विचारलं.

"एक बाई आहेत, त्यांचं..."

"नाव सांगू नकोस, धाकटे. आणि काढूही नकोस."

लॅपटॉप मिटला. तिनं साहेबांना परत फोन लावला. तक्रार पाठवा, पुढच्या आठवड्यात बघू, असं ते म्हणत होते. भावोजींनी तिच्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

"साहेब, चूक कुणाची ते तुमचं तुम्ही बघा. परवा हिला कुठे नेऊ, तेवढं आत्ता सांगा."