तापाच्या वॉर्डातली खुर्ची

मित्रांनो, माझा जन्म अक्कलकोट रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. इलाहीबक्ष नावाच्या कारागिराने लोखंडी पाईप वाकवले, जोडले, त्यावर हिरवा रंग दिला आणि माझी खुर्ची केली. टेम्पोत चढवताना माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "जा बेटी, दवाखान्यात चाललीस. तिथं लई काम पडंल." आता माझा रंग पाठीवर कुठेकुठेच उरला आहे. तरीही माझी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती माझ्यापेक्षा रुक्साना सिस्टरांची जास्त आहे.

सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, लहान मुलांच्या तापाच्या वॉर्डात, सिस्टरांच्या टेबलाशी मला ठेवले होते. रुक्साना सिस्टर माझ्यानंतर तिथे आल्या. सकाळी आल्या की त्या आपली पिशवी माझ्या पाठीला अडकवत. पिशवीत डबा असे. भाकरी आणि शेंगाची चटणी. सुई टोचताना त्या मुलांना विचारत, "तुझ्या गावात म्हशी किती?" मूल म्हशी आठवत बसे, तेवढ्यात सुई टोचून झालेली असे. बरी होऊन घरी जाणारी मुले त्यांना हात हलवून दाखवत. आयाबाया म्हणत, "सिस्टर, तुमच्या हाताला गुण हाय." मला मात्र कोणी काही म्हणत नसे. माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडत, पंखा पुसायला लोक चपलांसकट चढत. त्याचे मला वाईट वाटत नसे.

मग गेल्या वर्षी डेंगीची साथ आली. गावोगावची तापाने फणफणलेली मुले येऊ लागली. एका खाटेवर दोन-दोन मुले, खाली सतरंजीवर नातेवाईक, आणि एवढ्या सगळ्यांना सिस्टर दोनच. दुसरी दानेश्वरी, नुकतीच नोकरीला लागलेली. रुक्साना सिस्टरांची साप्ताहिक सुट्टी बंद झाली होती. त्यांचे डोळे लाल दिसत. डबा कित्येकदा तसाच घरी परत जाई. विचारपूस करणारे कोणी नव्हते. "सिस्टर, इकडं या" म्हणणारे सगळे होते.

एका दुपारी उजनीकाठच्या गावातून मानसिंग आपल्या समृद्धीला घेऊन आला होता. पोरगी मलूल पडली होती. दानेश्वरी औषधे आणायला गेली होती. रुक्साना सिस्टर पलीकडच्या कोपऱ्यात, मोडनिंबच्या कस्तुराबाईंच्या नातवाजवळ होत्या. त्या पोराला झटके येत होते. मानसिंगने एकदा हाक मारली, दोनदा मारली.

"आलेच," सिस्टर म्हणाल्या. "याला सोडून हलता येत नाही."

"माजी पोरगी मरायला लागलीया आन तुमी म्हन्ताय आलेच?"

तो टेबलाशी आला. मला वाटले, दमला असेल, बसेल. पण त्याने मला उचलले आणि सिस्टरांच्या दिशेने फेकले. सिस्टरांनी त्या पोरावर ओणवे होऊन हात आडवा धरला, आणि मी त्या हातावर आदळले. मित्रांनो, लोकांना विसावा देण्यासाठी घडवलेल्या वस्तूला कोणाचे हाड मोडल्याचा आवाज ऐकावा लागू नये. मी खाली पडले, माझा एक पाय निखळला. पण मला दुखत होते ते निराळेच.

दानेश्वरी धावत आली आणि रडू लागली.

"रडू नकोस," मोडलेला हात छातीशी धरून सिस्टर म्हणाल्या. "या बाळाचे झटके थांबलेत. आता समृद्धीकडे जा. तिचे हातपाय गार असतील बघ. डॉक्टरांना बोलाव आणि सलाईन लाव. मी आहे इथं."

"मॅडम, शीर सापडंना..."

"सापडेल. घाई नको."

शीर सापडली. डॉक्टर आले. मानसिंग भिंतीला टेकून खाली बसला होता.

थोड्या वेळाने पोलीस आले. त्यांच्या आधी दवाखान्याचे एक साहेब आले. म्हणाले, "सिस्टर, उगाच वाढवू नका. दवाखान्याचं नाव खराब होतं."

"साहेब, हात माझा मोडलाय."

पोलिसांनी विचारले, "कोणी पाहिलं?" सगळ्या माना खाली गेल्या. कोणाला कोर्टाची कटकट नको होती. तेव्हा कस्तुराबाई पदर खोचून उठल्या.

"मी बगितलंय. माज्या नातवाच्या डोक्यात बसनारी खुर्ची त्या बाईनं हातावर झेलली. लिवून घ्या माजं नाव." मग इतरांकडे वळून त्या म्हणाल्या, "आपल्या पोरांची घाण काडती ती. तुमाला आता तोंड न्हाय व्हय?"

एक माणूस उठला. मग एक बाई उठली. मग बरेच जण उठले.

मला अडगळीच्या खोलीत टाकले. तिथे मोडक्या खाटा होत्या आणि धूळ होती. बादल्या न्यायला येणाऱ्या बजाबाई मावशी स्वतःशीच बोलत, त्यावरून बाहेरचे मला कळे. सिस्टरांच्या हाताला प्लास्टर होते. त्या परत येणार नाहीत असे सगळे म्हणत होते. दवाखान्यातले डॉक्टर आणि सिस्टर त्यांच्यासाठी एक झाले होते. मुलांचे नातेवाईकही साहेबांच्या दारात जाऊन बसले होते. अखेर दाराशी रखवालदार आला, एका मुलाजवळ एकच माणूस असा नियम झाला, दुसऱ्या वॉर्डातून आणखी सिस्टर आल्या आणि सुट्टी पुन्हा सुरू झाली. समृद्धी बरी होऊन घरी गेली. जाण्याआधी, जामिनावर सुटलेला मानसिंग सिस्टरांच्या घरी पाया पडायला गेला होता. सिस्टर मागे सरकल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "पोरगी वाचली, मला आनंद आहे. पण तक्रार मागे घेणार नाही. उद्या माझ्या जागी दानेश्वरी असेल."

आणि एक दिवस रुक्साना सिस्टर स्वतः अडगळीच्या खोलीत आल्या. माझा निखळलेला पाय हाती घेऊन पाहू लागल्या. मग बजाबाईंना म्हणाल्या, "हिला भंगारात देऊ नका. हिचा काय दोष?"

माझा पाय वेल्डिंग करून जोडला आणि मी टेबलाशी परतले. सिस्टरही परतल्या. पण कोणी मोठ्याने बोलले की त्या तो हात छातीशी ओढून घेतात, हे मी पाहिले आहे. हाड जुळते, मित्रांनो. भीती लवकर जात नाही.

परवाच एक बाप टेबलावर हात आपटून ओरडू लागला, "सिस्टर कुटं हायत?" सिस्टर आत एका बाळाला पाहत होत्या. तिथेच तपासणीसाठी समृद्धीला घेऊन आलेला मानसिंग बसला होता. तो उठून त्या माणसाजवळ गेला.

"भाऊ, त्या एका पोराजवळ हायत. तितलं झालं की तुमच्याकडंच येतील. मी बी असाच वरडलो हुतो. आता कोर्टाच्या तारखंला जातोय, आन त्या बाईच्या डोळ्याला डोळा द्यायला हुईना." मग त्याने मला पुढे ओढले. "बसा हितं. पोरगं माज्याकडं द्या जरा."

तो माणूस बसला. त्याने माझी कड घट्ट धरून ठेवली होती. तेव्हा मला कळले, ओरडणारा माणूसही बहुधा घाबरलेलाच असतो. सिस्टर बाहेर आल्या. मानसिंगकडे त्यांनी पाहिले. मग त्याच्या हातातून त्या मुलाला उचलून घेतले आणि विचारले, "तुझ्या गावात म्हशी किती रे?"

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी दवाखान्यात याल. तेव्हा वाट पाहावी लागली, तर ती पाहा. सिस्टर पाणी प्यायल्या का, एवढे विचारा. आणि कोणी त्यांच्यावर हात उगारलाच, तर माना खाली घालू नका. मी लोखंडाची, मला तोंड नाही. तुम्हाला आहे.