थोरलीचं लेबल

"आणि बाई, तुम्ही नसलात तर?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

समोर बसलेल्या, एका सॉफ्टवेअर कंपनीच्या विक्रेत्यानं खुर्ची पुढे सरकवली. सकाळपासून तो याच प्रश्नाची वाट बघत होता.

"मी असतेच," बाई म्हणाल्या.

ते खोटं नव्हतं. पेशंटांचे कागद, एक्स-रे, तपासण्या, सगळं बाहेर कुणाकडे न देता रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या पाच मशीनवर ठेवायचं, ही कल्पना बाईंची. त्यासाठी त्यांनी सॉफ्टवेअर विकत घेतलं नव्हतं. जगभरची माणसं मिळून लिहितात, कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं, असं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणून त्यांनी हा खासगी क्लाउड स्वतःच्या हातानं जोडला होता. आता मशीनं म्हातारी झाली होती, आणि नवी घेताना प्रश्न उभा राहिला होता. बाईंचंच पुढे चालवायचं, की कंपनीचं तयार पॅकेज घ्यायचं? पॅकेजमध्ये सगळं बांधून मिळत होतं. अडलं तर कंपनीचा माणूस फोनवर हजर.

विक्रेता गेल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण सगळं एकाच माणसाच्या डोक्यात आहे म्हटलं की मला काळजी वाटते. आठवडाभर रजेवर जा, फोन इथंच ठेवून. नीट चाललं तर तुमचंच ठेवू. नाहीतर पॅकेज."

"आणि मागे कोण बघणार?"

"लंबू आहे की."

लंबू म्हणजे बाईंचा सहायक. दोन मुलांचा बाप झाला, तरी बाई त्याला मशीनला हात लावू देत नसत. त्या खुर्चीत बसून टाइप करत आणि तो शेजारच्या स्टुलावर बसून बघत असे. नव्या सुनेला स्वयंपाकघरात नुसती पानं मांडायला ठेवतात, तसला कारभार.

निघताना बाईंनी फोन त्याच्या हातात दिला आणि दहादा बजावलं, "आत्याकडे लक्ष ठेव हं. कुरकुर करायला लागली की समजायचं, काहीतरी बिनसलंय."

मशीनांची नावं बाईंनीच ठेवली होती. थोरली, मधली, धाकटी, आत्या, मावशी. प्रत्येकीवर त्यांच्या गोलगोल अक्षरातलं लेबल होतं. रुग्णालयात या नावांची बरीच थट्टा चाले आणि बाईंना ती आवडे.

बाई थोरल्या बहिणीकडे जाऊन राहिल्या. तिथं त्यांचा हात सारखा पर्सकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. फ्रिज जरा घरघरला तरी दचकायच्या. शेवटी ताई वैतागली. "अगं, जेव की धड! तुझ्या त्या मशीनी काय रडतायत का तिकडे?"

"ताई, ते पॅकेज आलं तर माझं सगळं काढून टाकतील गं."

"टाकू देत. हे गेले तेव्हासुद्धा तू दाराबाहेर फोनवर होतीस. माणसं भेटायला येत होती आणि तू कुणाला तरी सांगत होतीस, थोरली बंद करून चालू कर म्हणून." ताईनं भाजीची वाटी पुढे सरकवली. "मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलतेयस."

ती हे हसत म्हणाली, पण बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. त्या मशीनचं नाव ताईवरूनच ठेवलं होतं, हे त्यांनी ताईला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायलाही तोंड नव्हतं.

आठवड्यानं बाई परतल्या त्या थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर खुशीत होते. "तुमचंच ठेवतोय. मधे एक बंद पडलं होतं म्हणे, पण लंबूनं निस्तरलं. तुम्हाला कळवावंसुद्धा लागलं नाही!"

बाई जिंकल्या होत्या. जिना उतरताना त्यांना आनंद झाला, वाईटही वाटलं, आणि वाईटच जास्त वाटतंय याची लाज वाटली.

तळमजल्यावर लंबू खुर्चीत होता. त्यांना बघून तटकन उठला.

"काय झालं होतं?"

"आत्या बसली, बाई. ऑपरेशनसाठी एक्स-रे हवे होते आणि ते कुठल्या मशीनवर आहेत तेच मला कळेना. आधी मावशीच उघडून बसलो." त्यानं मान खाली घातली. "मग हेच सॉफ्टवेअर वापरणारी माणसं जिथं एकमेकांना विचारतात ना, तिथं विचारलं. कुठल्याशा देशातल्या एका बाईंनी लगेच सांगितलं, आमच्याकडेही असंच झालं होतं, अमुक करा. केलं, तर चालू झालं. त्यांना आत्या कोण, तुम्ही कोण, काही माहीत नव्हतं."

उघडं आहे, कुणालाही दुरुस्त करता येईल, म्हणूनच तर घेऊ या, असं बाईंनीच एके काळी डॉक्टरांना पटवलं होतं. त्या 'कुणालाही'मध्ये त्यांनी शेजारच्या स्टुलावरचा माणूस कधी धरला नव्हता.

त्यांनी मशीनांकडे पाहिलं. लेबलं बदलली होती. एक्स-रे. तपासण्या. औषधं. जादा प्रती. साधी, छापील अक्षरं.

"रागावू नका बाई. पुढच्या वेळी आपण दोघंही नसलो तर, म्हणून केलं."

"आणि ही?" सगळ्यात वरच्या मशीनवर अजून 'थोरली' होतं.

"ती तुमची पहिली ना. माझा हात धजावला नाही."

नखानं बाईंनी लेबलाचा कोपरा उचकटला. जुना डिंक सुटेना. त्यांनी रुमाल ओला केला आणि घासून घासून ती जागा स्वच्छ केली.

"काय छापू?" लंबूनं विचारलं.

"जे काम करते ते छाप. पेशंटांची नोंद." ओलं झालेलं लेबल त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. "आणि माझा फोन दे. ताईला फोन करायचाय."

लंबूनं फोन दिला आणि खुर्ची पुढे केली. बाईंनी स्टूल ओढलं, त्याच्यावर बसल्या आणि नंबर लावला.

"तू बस तिथं," त्या म्हणाल्या. "माझं बोलणं झालं की दाखव, काय काय केलंयस ते."