डाव्या कानासाठी माणूस पाहणे

मूल गावच्या भागीरथाबाईंनी आयुष्यभर मासे पाहिले, पण पाण्यात एकही पाहिला नाही. जन्म मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा, माहेर तलावाच्या पाळीवर. मासे जाळ्यात पाहिले, टोपलीत पाहिले, बाजारात मांडून विकले, रश्श्यात घातले. पण आमच्याकडच्या तलावाचं पाणी चहासारखं असतं, तेही दूध जास्त झालेल्या. बुडी मारून डोळे उघडले तर स्वतःचा हात दिसत नाही, मासा कुठून दिसणार? मासा त्याच्या घरी कसा राहतो, कसा वळतो, कोणी आलं तर दारातून हटतो की नाही, हे एकदा पाहावं अशी बाईंची फार दिवसांची इच्छा होती.

त्यात मुलगी प्रिया पोर्ट ब्लेअरला नर्स म्हणून लागली. तिने फोनवर सांगितलं, "आई, इथलं पाणी काचेसारखं आहे. पाठीवर टाकी बांधून खाली नेतात. खाली प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत. दिवाळी झाली की या." येण्याजाण्याचं सगळं तीच पाहणार होती. फक्त खाली नेणारा माणूस निवडायचा होता. तिने चार ऑपरेटरांचे नंबर पाठवले आणि लिहिलं, 'बाबांनी ठरवावं. ते याच धंद्यात आहेत.'

बाबा म्हणजे गुलाबभाऊ. ताडोबाकडच्या एका गेटवर वीसेक वर्षांपासून जिप्सी चालवतात. पर्यटकांना वाघ दाखवणे हा त्यांचा व्यवसाय, आणि वाघ न दिसल्यास समाधान करणे हा मुख्य व्यवसाय.

अडचण एकच होती. लहानपणच्या तापात भागीरथाबाईंचा उजवा कान गेला. सगळा संसार डाव्या कानावर चाललेला. आणि पाण्यात खोल गेलं की पहिला दाब कानावरच येतो, हे ढिवराच्या लेकीला कोणी शिकवायची गरज नाही.

"कानाचं सांगू नोका कोनाले," बाईंनी बजावलं. "सांगतलं का नाई म्हनतीन."

"अन् दुसराही गेला तर?"

"तर तुमचं बोलनं आयकाचं बंद होईन. फायदाच हाय."

गुलाबभाऊ हसले, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. बायकोला आपलं बोलणं ऐकू येऊ नये असं त्यांना बरेचदा वाटलं होतं. कायमचं मात्र कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी फोनाफोनी सुरू झाली. पहिल्याला त्यांनी जंगलाच्या सवयीने विचारलं, "कोअरमधून नेता का बफरमधून?" पलीकडच्या माणसाने समुद्राला गेट नसतं असं सांगितलं. गुलाबभाऊंना ते पटलं नाही. गेट नसेल तर बंद कुठून करत असतील?

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. "कासव दिसन का?"

"शंभर टक्के. कालच याच जागी दोन होती."

गुलाबभाऊंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. कासवाच्या जागी वाघ घातला की झालं.

दुसऱ्याने सांगितलं, आमचा माणूस माशांना नावाने ओळखतो. तिसऱ्याला त्यांनी ओळखीतल्या एका बाईची म्हणून कानाची गोष्ट हळूच विचारली. तो म्हणाला, "काही होत नाही हो. रोज इतके लोक उतरतात, कोणाची तक्रार नाही." हेही गुलाबभाऊंचंच. जिप्सीचा ब्रेक ढिला असताना ते हेच म्हणत.

चौथा होता सेल्वम. त्याला कासवाचं विचारलं तर म्हणाला, "सांगता येत नाही."

"कसा वाटला?" बाईंनी विचारलं.

"लय हुशार हाय," गुलाबभाऊ म्हणाले. "सांगता येत नाई म्हनून मीबी सांगतो. मंग वाघ दिसला का टिप दुप्पट भेटते."

जो माणूस स्वतः वीस वर्षं बाता मारून बसला आहे, त्याला फोनवर फसवणं कठीण, आणि पटवणं त्याहून कठीण. खरं बोललेलंही त्याला ओळखीचं वाटतं.

पण गुलाबभाऊंचं एक शास्त्र होतं. माणूस ओळखायचा तर त्याला एक फेरी जिप्सीत बसवायचा. डॉक्टर, वकील, नवरदेव, कोणीही असो. वाघाच्या जवळ गेल्यावर तो काय मागतो, यावरून तो घरी कसा वागत असेल ते कळतं. पावसाळ्यात सेल्वमचं दुकान बंद असायचं, आणि वाघ त्याने कधी पाहिला नव्हता. गुलाबभाऊंनी फोन केला, "जूनमध्ये इकडे या. गाडी माझी, जेवण घरी." सेल्वम आला. दोघेही हिंदीत बोलत होते. एकाची हिंदी तामिळ होती, दुसऱ्याची झाडीपट्टीची; त्यामुळे दोघांना एकमेकांचं सगळं समजलं.

दुपारच्या फेरीला निघण्याआधी गुलाबभाऊंनी गाईडला, पत्रूला, बाजूला घेतलं. "मी आज त्याले रस्ता सोडून नाल्यात न्याची गोष्ट करन. तू मधात बोलू नोको."

"काऊन? खरंच नेता का?"

"नाई बे. हो म्हनला का गाडी बंद पाडतो अन् घरी आनतो. फक्त पाहून राह्यलो."

"मीबी गप्प राहाचं का?"

"तू तं नेहमीच गप्प राह्यते. तसाच राह्य."

जून असला तरी पाऊस अजून आला नव्हता. सागाची पानं उन्हाने कडक झाली होती. नाल्याच्या वळणावर चितळ ओरडलं, मग वानर. पत्रूने हात वर केला, गुलाबभाऊंनी गाडी थांबवली. नाल्याच्या थोडं आत बांबूमागे काहीतरी पिवळं हललं.

"साहेब," गुलाबभाऊ कुजबुजले, "वाघीण हाय. इथून नाई दिसत. गाडी गवतात घातली तर समोरच येते."

"रस्ता सोडायला परवानगी आहे?"

"नाई. पन कोन पाहून राह्यलं?"

"मग नको."

गुलाबभाऊंना बरं वाटलं, पण एवढ्यावर ते थांबणारे नव्हते. त्यांच्या शास्त्राप्रमाणे पहिला नकार शिष्टाचाराचा असतो, दुसरा भीतीचा, खरा असतो तो तिसरा.

"इतक्या दूरून आले. पुन्हा कधी येनार?"

"नको."

"तिच्यासंग पिल्लं हायत, साहेब." आणि परीक्षा पक्की व्हावी म्हणून त्यांनी स्टीअरिंग वळवून पुढचं डावं चाक गवतात घातलं.

सेल्वम आवाज न चढवता म्हणाला, "गाडी मागे घ्या."

गाडी मागे आली. बांबूमागचं पिवळं निघून गेलं. वाघ दिसला नाही, आणि समाधान करायचीही गरज पडली नाही, कारण सगळं समाधान गुलाबभाऊंनाच झालं होतं. परतताना ते शीळ घालत होते. जंगलात शीळ घालायला मनाई आहे, याची आठवण पत्रूने दिली. फेरीभरातलं त्याचं ते एकमेव वाक्य.

गेटवर सेल्वम उतरला आणि ऑफिस कुठे आहे असं विचारून आत गेला. पाणी प्यायला गेला असेल, असं गुलाबभाऊंना वाटलं. थोड्या वेळाने त्यांनाही आत बोलावलं. वनपाल साहेबांच्या समोर सेल्वमची तक्रार होती. चालकाने रस्ता सोडला, पर्यटकाने नको म्हटल्यावरही सोडला, आणि गाईडने अडवलं नाही.

"एकच चाक होतं, साहेब," गुलाबभाऊ म्हणाले.

"रस्ता एका चाकाने सोडता येतो का, गुलाब?"

सेल्वम बाहेर गेल्यावर गुलाबभाऊंनी खरी हकीकत सांगितली. वनपाल साहेबांनी नोकरीत पुष्कळ कारणं ऐकली होती, पण बायकोच्या कानासाठी गाडी गवतात घातली, हे नवीन होतं. नवीन असल्यामुळे त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, पण मान्य केलं नाही. पावसाळ्यासाठी गेट बंद होईपर्यंत दोघांनाही गाडीवरून काढलं. पत्रू म्हणाला, "मी तं काईच बोललो नाई!" साहेब म्हणाले, "तेच तर."

आता कठीण प्रसंग असा, की ज्याने तक्रार केली तो जेवायला घरी येणार होता. गुलाबभाऊ आधी पोचले आणि ओसरीवर तोंड पाडून बसले. भागीरथाबाईंनी सगळं ऐकलं, चुलीवरच्या मरळ माशाच्या रश्श्यात मीठ टाकलं, आणि इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.

"हसून काय राह्यली? धंदा बसला ना माहा!"

"तुमी पाहाले गेलते ना मानूस कसा हाय म्हनून? दिसला ना?"

सेल्वम आला तो संकोचून दारातच उभा राहिला. बाईंनी त्याला पाट दिला. पहिला घास घेऊन तो गुलाबभाऊंना म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, भाऊ. मी नको म्हटल्यावरही चाक वळलं. उद्या दुसऱ्या कोणी हो म्हटलं असतं तर?"

गुलाबभाऊंना यावर उत्तर होतं, पण ते ऑफिसात देऊन झालं होतं. त्यांनी त्याला आणखी भात वाढला.

सेल्वम बाईंच्या उजव्या बाजूला बसला होता. तो बोलला की बाई अख्ख्या वळायच्या, डावा गाल पुढे करायच्या. तो रश्श्याचं कौतुक करत होता, आणि तिखट थोडं जास्त आहे हे तीनदा सांगूनही बाई आणखी वाढत होत्या. त्याने हात ताटावर आडवा धरला आणि विचारलं, "ताई, या कानाने ऐकू येत नाही का?"

गुलाबभाऊंनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी पळी खाली ठेवली. कोणाला सांगू नका म्हणणाऱ्या त्याच. पण रस्ता न सोडणाऱ्या माणसासमोर आडवाटेने जाण्यात काय अर्थ होता?

"नाई येत," त्या म्हणाल्या. "लहानपनापासून. हा एकच हाय."

सेल्वमने घास ताटात ठेवला. "मग टाकी लावून मी तुम्हाला खाली नेणार नाही. डॉक्टर हो म्हणाला तरी नाही. दाबाने हा कान गेला तर मी परत देऊ शकत नाही."

मग गुलाबभाऊ उसळले. "म्हनजे? माही गाडी गेली, पत्रूची गाइडी गेली, आता महिनाभर तो माह्याशी बोलनार नाई, अन् तुमी नेतच नाई?"

"नाही."

"तिघं हो म्हनत होते!"

"मग त्यांच्याकडे जा."

त्या तिघांना गुलाबभाऊ चांगले ओळखत होते. ते तिघं म्हणजे ते स्वतःच होते.

भागीरथाबाईंचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांची इच्छा, आणि ती त्यांनीच दिलेल्या पाटावर बसून या माणसाने काढून घेतली. पण सेल्वमचं बोलणं संपलं नव्हतं. बेटाच्या एका अंगाला प्रवाळ कंबरभर पाण्यापासूनच सुरू होतं. डोळ्यांवर काच लावायची, तोंडात नळी धरायची, आणि पालथं पडून वर तरंगायचं. खोल जायचं नाही, म्हणून दाबही नाही. त्याआधी चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरला दाखवून यायचं. हात तो स्वतः धरणार होता.

"पोहता येतं?" त्याने विचारलं.

"ढिवराची पोर हावो मी."

"मग हात धरायची गरज नाही."

"अन् मासे?"

"खालून जातील. किती, कोणते, सांगता येत नाही."

बाईंनी त्याच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला. या वेळी तो नको म्हणाला नाही.

तो गेल्यावर प्रियाचा फोन आला. बाईंनी फोन डाव्या कानाला लावला.

"काय झालं, आई? भेटला का माणूस?"

"भेटला."

"कसा आहे?"

"तुह्या बापाले गाडीवरून काढलं त्यानं. अन् मले खाली नेत नाई म्हनते."

"मग आता?"

"मंग काय? त्याच्यासंगच जाऊ," बाई म्हणाल्या. "अन् तुह्या बापाले टाकी लाऊन खाली पाठोतो. त्याचे दोन्ही कान चांगले हायत, त्याले वापर नाई."